वाटजाईनं आमची गाडी अडवली नव्हती

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवाशीही माझं जेमतेमच जमतं. इथे बहुतेक जण अशीच सुरुवात करतात आणि चार परिच्छेदांनंतर पिंपळावरून कुणीतरी खाली उतरतं, हे मला माहीत आहे. माझ्या गोष्टीत कुणी उतरणार नाही. मी लिहितेय ती चिडून. मागच्या महिन्यात इथेच कुणीतरी 'महाड–पोलादपूर रस्त्यावरची झपाटलेली गाडी' असा किस्सा टाकला होता. पांढरी परदेशी गाडी, अपंग मालक, देवीचा अपमान, गाडी जागच्या जागी बंद, मग कोंबडा दिल्यावर चालू… आणि खाली 'बापरे, अंगावर काटा आला' म्हणणाऱ्यांची ही रांग!

ती गाडी आमची होती. पांढरी नव्हती, राखाडी होती. बंद ती कधीच पडली नाही. मालक म्हणजे माझा धाकटा भाऊ सुधीर, आणि तो जरा लंगडतो, एवढंच. कोंबडा कुणीही दिला नाही, कारण मी देऊ दिला नाही. जे खरंच घडलं ते या कोंबड्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी विचित्र आहे, आणि ते मी स्वतः तपासलंय. म्हणून लिहिते.

तपासलंय म्हणजे काय, तेही सांगते. मी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. प्लँटमधलं तापमान, दाब, प्रवाह सांभाळणारी यंत्रं नीट चालतात की नाही ते बघायचं, हे माझं काम. एखादा पंप आपोआप बंद पडला की ऑपरेटर म्हणायचे, "मॅडम, उगाच झाला." उगाच काही होत नसतं. वायर सैल असते, सेन्सरवर शेवाळ धरलेलं असतं, नाहीतर कुणीतरी नको तिथे कोपर टेकवलेलं असतं. 'कारण सापडले नाही' असं मी रिपोर्टात कधी लिहिलं नाही. लिहिणाऱ्यांना मी काय बोलायचे ते इथे छापता येणार नाही.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या हिवाळ्यातली. चवदार तळ्याच्या मागच्या बाजूला आमचं घर. घरात मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी लग्न केलेलं नाही, त्यावर प्रश्न नकोत. नाना महाड डेपोचे एसटी ड्रायव्हर, तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. उभ्या नोकरीत एक अपघात नाही, याचा त्यांना भारी अभिमान. आणि अशा माणसाला दुसऱ्याच्या गाडीत बसवणं म्हणजे शिक्षा… त्यालाही आणि आपल्यालाही! रिक्षात बसोत की जीपमध्ये, नानांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत असायचा. पुढची गाडी जरा जवळ आली की पाय जमिनीवर गच्च दाबला जायचा. "नाना, तिथं काही नाहीये," असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मला ठाव हाय. पायाला नाय."

सुधीर ठाण्याला असायचा. एका गोदामात कामाला होता, तिथे फोर्कलिफ्टखाली त्याचा उजवा पाय सापडला. पायात सळई बसली. पाय वाचला, पण माणूस हरवला. जवळपास वर्षभर तो घरात भिंतीकडे तोंड करून बसून होता. मी फोन केला की त्याची बायको म्हणायची, "झोपलेत." दुपारी बारालाही झोपलेत आणि संध्याकाळी पाचलाही झोपलेत. गल्लीतल्या सगळ्यांना हसवणारा माझा भाऊ असा झालेला मला बघवत नव्हता.

मग ती गाडी आली. त्याच्या साहेबांनी वापरून झालेली, जपानी बनावटीची, ऑटोमॅटिक गिअरची. त्यातली एक गोष्ट सुधीरसाठीच केल्यासारखी होती — क्रूझ कंट्रोल. तेव्हा आपल्याकडे हे फार कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगते. रस्ता मोकळा असला की हवा तो वेग धरून बटण दाबायचं, मग ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायची गरज नाही. गाडी तो वेग आपला आपण धरून ठेवते. ब्रेकला नुसता पाय लागला की ते सुटतं. मुंबई–गोवा हायवेवर, त्या खड्ड्यांत, हे कुठे वापरणार म्हणून हसू नका. भल्या सकाळी निघालं तर मोकळे पट्टे मिळायचे. सुधीरचा पाय ब्रेक मारायला उत्तम होता, पण ॲक्सिलरेटरवर एकसारखा धरला की थोड्या वेळानं पोटरी थरथरायची. आता तो त्रास संपला. एकाआड एक शनिवारी तो गाडी घेऊन एकटा महाडला यायला लागला. येताना वडखळहून मीठ आणायचा, माझी चेष्टा करायचा, शेजारच्या वकिलांना उगाच "साहेब, तारीख काय पडली?" विचारायचा. माझा भाऊ मला परत मिळाला होता. या गोष्टीत कशाची किंमत होती म्हणाल, तर याची.

आता वाटजाई. महाडहून पोलादपूरकडे जाताना एका वळणावर आंब्याखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तीच ही. तिथली रीत अशी, की देवीपुढून पायात चप्पल घालून जायचं नाही. चालणारे काढून हातात घेतात. पण गाडी चालवणारा चप्पल कशी काढणार? म्हणून ड्रायव्हरनं तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. गाडी तिच्या चालीनं वळण पार करते, मग पाय परत खाली. लहानपणी आम्ही नानांच्या गाडीत बॉनेटपाशी बसून पोलादपूरला जायचो. वाटजाई आली की इंजिनाचा आवाज एकदम पडायचा, आणि पेंगणारी माणसं त्या शांततेनं जागी होऊन हात जोडायची. नाना म्हणायचे, "येवढा पट्टा आपला नाय. तिचा."

त्या शनिवारी आम्ही पोलादपूरच्या वर डोंगरात, कुडपणला आत्याकडे निघालो होतो. सुधीर चालवत होता, नाना त्याच्या शेजारी, मी मागे. महाड सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, सुधीरनं क्रूझ लावलं. वाटजाईचा आंबा दिसला तसे नाना म्हणाले, "पाय उचल."

"उचललेलाच आहे, नाना," सुधीर हसत म्हणाला. "बघा की. दोन्ही पाय खाली."

नानांनी वाकून बघितलं. बघतच राहिले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की हा नेहमीसारखीच गाडी चालवतो. क्रूझबिझ त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग गाडी कोन पळवतंय?"

"मशीन. मला पाय लावायलाच लागत नाही."

"म्हंजे ठाण्यापासनं असाच येतोस? पायाखाली काय नसताना?"

"तेच तर सुख आहे!"

नाना सरळ होऊन पुढे रस्त्याकडे बघायला लागले. आम्ही आंब्यासमोर होतो, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवरचा क्रूझचा हिरवा दिवा गेला. गाडीचा वेग पडला. सुधीरनं पुन्हा बटण दाबलं, लागलं नाही. पोलादपूरपर्यंत नाही, वर डोंगरातून परत येताना नाही, कुठेच नाही.

झालं! कुडपणला आत्याच्या कानावर गेलं आणि तिनं जागच्या जागी निकाल दिला. "आईच्या म्होरनं पाय न उचलता गेलास? त्या गाडीला अक्कल नाय, तुला तरी हाय ना रे? एक नारळ नि एक कोंबडा. आजच्या आज."

"आत्या," मी म्हटलं, "आधी फ्यूज बघते."

"बग हो बग. तुझा फ्यूज काय सांगतोय त्ये मला पन सांग."

परतताना सुधीरनं मला हळूच विचारलं, "ताई, नारळ टाकायचा का एक? काय जातंय?" मला संताप आला. त्याला म्हटलं, "आज नारळ टाकलास की उद्या प्रत्येक वळणाला भ्यायला लागशील. तू तुझ्या हिमतीनं गाडी चालवतोस, कुणाच्या मेहरबानीनं नाही. गाडी माझ्याकडे ठेव. पुढच्या रविवारपर्यंत करून देते." तो एसटीनं ठाण्याला गेला. खिडकीत बसलेलं त्याचं तोंड मला आवडलं नाही.

पुढचे दिवस कामावरून आले की मी गाडीच्या खाली नाहीतर डॅशबोर्डच्या आत. क्रूझ म्हणजे शेवटी आमच्या प्लँटमधल्यासारखाच एक लूप. वेग मोजायचा, कमी-जास्त झाला की इंजिनाची तार ओढायची किंवा सोडायची, आणि ब्रेक दाबला की सगळं सोडून द्यायचं. फ्यूज चांगला. ब्रेकचे दिवे लागत होते. व्हॅक्यूमच्या नळ्या ओढून पाहिल्या, कुठे गळती नाही. तारेला ढील नाही. स्टिअरिंगवरची बटणं मीटरवर बरोबर. या गाडीत कंट्रोलर स्वतःचा आजार दिवा मिचकावून सांगतो. पुस्तकात बघून तोही कोड काढला. कोड म्हणत होता, 'ब्रेक दाबला गेला.' म्हणजे ब्रेकचा स्विच! मी खूश. स्विच बदलला.

मग गाडी जॅकवर घेऊन चाकं फिरवली, क्रूझ लागलं. दुपारी नाना झोपलेले असताना गाडी बाहेर काढली आणि थेट पोलादपूरचा रस्ता धरला. क्रूझ लागलं. वाटजाई आली. मी मुद्दाम पायात चप्पल ठेवली, दोन्ही पाय मॅटवर, हात जोडले नाहीत, मानही वाकवली नाही. काही झालं नाही. पुढे जाऊन वळले आणि परत तिच्यासमोरून गेले. मग पुन्हा एकदा, उगाच, खुन्नस म्हणून. दिवा हिरवाच. त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी येताना स्वतःसाठी भजी घेतली. किस्सा टाकणाऱ्या भाऊसाहेब, वाचताय ना? देवीला राग आला असता तर तो माझा यायला हवा होता.

रविवारी सकाळी सुधीर चाचणीला बसला. मी शेजारी. नाना म्हणाले, "मी पन येतो," आणि मागे बसले. मी माझ्या समाधानासाठी ब्रेकच्या स्विचला एक छोटा दिवा जोडून डॅशबोर्डवर चिकटवला होता. ब्रेक दाबला की तो लागणार. महाडच्या बाहेर पडलो, लोणेऱ्याच्या बाजूला. वाटजाई दुसऱ्या दिशेला राहिली, हे लक्षात ठेवा. सुधीरनं क्रूझ लावलं, आणि थोड्याच वेळात सुटलं. माझा दिवा लागला होता.

मला वाटलं, याचा दुखरा पाय नकळत पेडलला लागत असेल. मी खाली वाकले. सुधीरचे दोन्ही पाय मॅटवर होते, पेडलपासून चांगले लांब. आणि पेडल खाली गेलेलं होतं. बोटभर. माझ्या डोळ्यांदेखत ते आणखी थोडं दबलं, तसंच राहिलं, आणि सावकाश वर आलं. झटका नाही, काही नाही. मुरलेला ड्रायव्हर गाडीतल्या माणसांची झोप न मोडता ब्रेक मारतो ना, तसं.

मी घाबरले. सरळ लिहिते, घाबरले. पण सुधीरला बोलले नाही. नानांनी पाहिलं का म्हणून मागे वळले. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, गुडघा ताठ, उजवा पाय मॅटवर रोवलेला. तो तर त्यांचा नेहमीचाच अवतार. मी त्याकडे लक्षच दिलं नाही.

पेडलची स्प्रिंग, पिन, बूस्टर सगळं उघडून पाहिलं. काही नाही. सुधीरला सुट्टी नव्हती, तो तशीच गाडी घेऊन गेला. माणगावच्या पुढे रस्ता चांगला लागला म्हणून त्यानं क्रूझ लावून बघितलं, ते धरलं, आणि वडखळच्या अलीकडे अचानक ब्रेक लागून सुटलं. मागचा ट्रक बंपरला टेकता टेकता राहिला. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. तिचा आवाज थंड होता. "ताई, पुढच्या फेरीपर्यंत ते नीट झालं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची, आणि यांना मी परत स्टिअरिंगवर बसू देणार नाही. मला माणूस हवाय, गाडी नको." तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण गाडी गेली की सुधीर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

पुढच्या फेरीला शनिवारी सुधीर आला तो क्रूझ न लावता, थांबत थांबत. दारात उतरला तेव्हा पोटरी धरून होता. मी पुन्हा सगळं तपासलं. सगळं चोख. रविवारी सकाळी घावणे खाऊन तो निघाला. मी म्हटलं, "फोनची वायर कानात घाल. मी लाइनवर राहते. रस्ता मोकळा असेल आणि मागे कुणी नसेल, तेव्हाच लाव, आणि काय होतंय ते मला सांगत राहा."

आमच्या कामात याला लूप चेकिंग म्हणतात. एक जण प्लँटमध्ये व्हॉल्व्हपाशी, एक जण कंट्रोल रूममध्ये, हातात वॉकीटॉकी. इकडचा म्हणतो 'दाबला', तिकडचा म्हणतो 'आला'. इकडचा म्हणतो 'सोडला', तिकडचा 'गेला'. मध्ये कितीही भिंती असोत, इकडची गोष्ट तिकडे पोचते का एवढंच बघायचं. त्या सकाळी मी लूप चेकिंग करतेय हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

नाना ओटीवर खुर्चीत बसले होते. मी दारात, फोन कानाला.

"लावलं," सुधीर म्हणाला. "धरलंय. मस्त चाललीये."

"आता लोनेऱ्याच्या म्होरं ग्येला असंल," नाना स्वतःशीच म्हणाले. "तितं येकदम ट्रक्टर येतात आडवं."

"सुटलं!" फोनमध्ये सुधीर.

मी नानांकडे बघितलं. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. इतका, की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. इन्स्ट्रुमेंटवाल्या बाईच्या डोक्यात असलं येऊ नये. पण हात आधी काम करतात, डोकं मागून. मी म्हटलं, "नाना, जरा पाय वर घ्या. झाडून घेते."

त्यांनी पाय उचलले. "सुधीर, लाव," मी म्हटलं.

"लागलं."

मी केरसुणी फिरवत राहिले, होता होईल तितका वेळ. "आहे?" "आहे." मग म्हटलं, "ठेवा नाना." त्यांनी पाय खाली ठेवले, रस्त्याकडे नजर, आणि हळूहळू उजवा पाय फरशीत रुतायला लागला.

"गेलं," सुधीर म्हणाला.

ओटी त्या सकाळी मी तीनदा झाडली. उचलला, लागलं. दाबला, गेलं. दर वेळी. सुधीर तिकडे वैतागला, "ताई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "लूज काँटॅक्ट. आता बिना क्रूझचा जा, सावकाश." आणि फोन ठेवून मी ओटीच्या पायरीवर बसले.

मग एकेक जुळत गेलं. नानांना क्रूझ म्हणजे काय हे कळेपर्यंत गाडीला कधी काही झालं नव्हतं. कळलं त्या क्षणी, वाटजाईसमोर, ते पहिल्यांदा सुटलं. मी वाटजाईसमोरून खुशाल फिरले तेव्हा नाना झोपलेले होते, आणि गाडीत सुधीरही नव्हता. माणगावच्या पुढे ते थोडा वेळ चाललं, तेव्हा नाना जेवत होते, पाटावर, मांडी घालून.

मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"म्हंजे माज्या पोराची गाडी मी आडवतोय म्हनतेस?"

"मी काही म्हणत नाही. मी पाहिलं ते सांगितलं."

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी दाबत नाय गो. पाय जातो. त्यो तितं एकला, पायात लोखंड, नि गाडी कोनाच्याच पायात नाय… रातीला झोपेत पन जातो."

"मग उचला."

"नि त्याला काय झालं तर?"

तेव्हा मी ओरडले. वडिलांवर इतक्या मोठ्यानं मी आधी कधी ओरडले नव्हते. "त्याला झालंच तर तुमच्या या ब्रेकनं होईल! त्या दिवशी मागचा ट्रक कशानं अंगावर आला? आणि गाडी गेली तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, ते चालेल? एसटी भरून माणसं असायची तुमच्या मागे. वाटजाईसमोर पाय उचलताना त्यांचे जीव तिच्या हवाली करत होता ना बिनघोर? मग एक पोरगा का सोडवत नाही?"

होय, वाटजाईचं नाव मी घेतलं. मी! भांडणात जे हत्यार हाताला लागेल ते उचलावं लागतं.

नाना उठून आत गेले. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "त्याला सांगू नको. बाप आडवा आला म्हनून मनाला लावून घेईल. काँटॅक लूज व्हता म्हन."

त्यानंतर दर फेरीला आमच्या घरी एक कार्यक्रम असायचा. सुधीर ठाण्याहून निघाल्याचा फोन आला की नाना पलंगावर चढून मांडी घालून बसायचे. पाय जमिनीला लागूच द्यायचा नाही. महाडहून तो निघाला की पुन्हा तेच, पोचल्याचा फोन येईपर्यंत. वय झालेलं, गुडघे गेलेले. मधेच उजवा पाय खाली सरकायला बघायचा, ते हातानं धरून ठेवायचे. "जा रे जा, तुझा रस्ता तुला," असं काहीतरी पुटपुटायचे. फोन वाजला, "पोचला" म्हटलं, की पाय खाली सोडायचे आणि मुंग्यांनी कळवळायचे. मी तळवे चोळून द्यायचे. मला त्या वेळी त्यांचा इतका अभिमान वाटायचा, तेवढा त्यांच्या बिनअपघात नोकरीचाही कधी वाटला नाही.

क्रूझ त्यानंतर एकदाही सुटलं नाही. एकदाही नाही.

दोनेक वर्षांनी नानांना अर्धांगाचा झटका आला. महाडच्याच दवाखान्यात ठेवलं. उजवी बाजू पूर्ण गेलेली, शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बोलावून घ्या." मी सकाळी सुधीरला फोन केला. तो निघाला. थोड्या वेळात सिस्टर माझ्याकडे आल्या. "ताई, बाबा पाय सरळ करत नायत. आम्ही केला तरी परत वर घेतात."

मी चादर बाजूला केली. नानांचा उजवा पाय, जो डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हलणं शक्यच नव्हतं तो, गुडघ्यात वाकवून गादीपासून वर उचललेला होता. हवेत. थरथरत होता, पण खाली येत नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी स्नायू आखडल्याचं काहीतरी नाव सांगितलं. मी म्हटलं, "राहू द्या." खाली उशी द्यायला गेले तर पाय त्या उशीलाही टेकेना. मग मी नुसती शेजारी बसून राहिले.

दुपारी सुधीर आला. काठी टेकत आत शिरला, घामाघूम. "ताई, गाडी काय सुरेख आली गं! वडखळपासून एकदासुद्धा क्रूझ सोडायला लागलं नाही. रस्ताच कुणी मोकळा करून दिल्यासारखा…" आणि मग त्याची नजर नानांकडे गेली. त्यानं त्यांचा हात धरला.

नानांचा पाय सावकाश खाली आला. झटका नाही, काही नाही.

संध्याकाळी ते गेले.

सुधीर, तू हे वाचशील म्हणून इतकी वर्षं लिहिलं नव्हतं. पण तो कोंबड्याचा किस्सा वाचून तू मला 'ताई, खरंच देवी होती का गं?' असा मेसेज टाकलास, तेव्हा ठरवलं. नव्हती. वाटजाईनं आपली गाडी अडवली नव्हती, आणि चालूही केली नव्हती. वकिलांपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी श्रेय तिला दिलं. ते मी चालू देणार नाही.

मानसशास्त्रवाले, योगायोगवाले, खुशाल लिहा खाली. मी सगळं वाचीन आणि मान्य होईल तेवढंच मान्य करीन. नारळवाल्यांनी मात्र त्रास घेऊ नये. चाचणी मी केली, माझ्या दोन्ही डोळ्यांनी बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रिपोर्टात लिहावं लागतंय: कारण सापडले नाही.

गाडी आता माझ्याकडे आहे, जुनी झालीये. पोलादपूरला जाताना ते वळण येतं. मी पाय उचलते. वाटजाईसाठी नाही.